वाळल्यावरचा रंग

दि. १८ फेब्रुवारी २०१६ रोजी पुंजारामने टँकरवाल्याच्या हातावर २,२०० रुपये ठेवले आणि त्या पाण्यात आपला एकतीस वर्षांचा धंदा बुडवला.

पाणी दिसायला स्वच्छ होते. पडेगावच्या शेडमागे बांधलेल्या हौदात टँकर रिकामा झाला, तेव्हा पुंजारामने बोट बुडवून जिभेला लावले. मचूळ लागले. पण औरंगपुऱ्यातल्या दोरेव्यापारी काकासाहेबांचा बावीस किलो रेशमी दोरा तीन आठवड्यांपासून रंगवायचा पडला होता आणि विहिरीत तळाचा खडक उघडा झाला होता. शेजारच्या रानात दोन वर्षांत तीन इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे बोअर सहाशे फुटांवर गेले होते. पुंजारामची विहीर चाळीस फुटांची. अर्धी दुष्काळाने आटवली, उरलेली इमारतींनी.

रेशीम रंगवायला जेवढे पाणी लागते, त्याच्या चौपट ते धुवायला लागते. त्या पाण्यात क्षार असले की रंग मेल्यासारखा होतो. उन्हात लडी वाळल्या आणि पुंजारामला वर बघवेना. राणी रंगावर तर खपली धरल्यासारखी दिसत होती.

काकासाहेबांनी दुकानात त्या लडी उलगडूनही पाहिल्या नाहीत. दोन बोटांनी मागे सरकवल्या.

"पुंजाराम, माझ्या वडलांच्या वेळेपासून तू आमचा माल रंगवतोस म्हणून गप आहे. दुसरा असता तर तोंडावर फेकल्या असत्या."

"पानी खराब निघालं, साहेब."

"मला पाणी विकायचं नाही रे. दोरा विकायचाय."

पुढचा माल त्यांनी सुरतेहून रंगवून आणायचे ठरवले. ट्रकचे भाडे धरूनही ते स्वस्त पडत होते, हे त्यांना त्याच महिन्यात कळले आणि कळलेले ते विसरणारे नव्हते.

पुंजारामचे घर भाड्याचे, शेडही भाड्याची. पण शेडमधले चार दगडी हौद त्याने स्वतःच्या हाताने बांधले होते. तांब्याच्या कढया उचलून कुठेही नेता येतात. हौद नेता येत नाहीत. पाऊस झाला, विहिरीला पाणी आले की कढया पुन्हा चढवायच्या, एवढाच त्याचा हिशेब होता. तोवर महिन्याला अडीच हजार भाडे भरून शेड धरून ठेवायची.

जागा अप्पारावची. अप्पारावचे बापजादे त्या रानात ज्वारी काढत, अप्पाराव प्लॉट काढत होता. मार्चच्या सुरुवातीला तो पांढऱ्या गाडीतून उतरला आणि शेडभोवती पावले मोजत फिरला.

"पुंजाभाऊ, तीन गुंठे हायेत. माझे चार रो-हाऊस बसतेत इथं."

"पाऊस झाला की विहीर भरंल, मालक."

"पाऊस झाला की लोक घरं बी घेतेत." अप्पाराव हसला. मग जरा नरम आला, कारण दोघे एका शाळेत चौथीपर्यंत होते. "गणपतीपर्यंत थांबतो. तवा मला वर्षाचं भाडं एकदम दे, तीस हजार. मग वर्षभर तुझ्या शेडकडं बघणार बी नाय. नायतर भांडी उचल."

तीस हजार पुंजारामकडे कधी एकदम जमले नव्हते. पण त्याच आठवड्यात काकासाहेबांचा निरोप आला.

काकासाहेबांना दोरा आता इंटरनेटवरून विकायचा होता. पैठणचे, येवल्याचे विणकर मोबाइलवरून मागणी करतील, माल कुरियरने जाईल. ते काम त्यांनी नीरजाला दिले होते आणि रंगांच्या नावांसाठी पुंजारामला तिच्याकडे पाठवले. नीरजा सव्वीस वर्षांची, घरात तीन पिढ्या कारकुनी झालेली. पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून तिने क्रांती चौकाजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे ऑफिस थाटले होते. तिथे ती पुंजारामला घेऊन बसली आणि अडचण सांगू लागली.

"काका, कॉम्प्युटरला रंगाचं नाव कळत नाही. त्याला तीन आकडे कळतात. लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. आणि विणकराला आकडे कळत नाहीत, त्याला नाव कळतं. दोघांच्या मधे मला एक यादी पाहिजे. आकडा दिला की नाव मिळेल, नाव दिलं की आकडा."

"तुमच्यात तशी यादी नाय व्हय?"

"आहे ना. इंग्रजी. एकशे चाळीसच्या आसपास नावं. त्यात टोमॅटो आहे, मासा आहे. आमसूल नाही."

तिने तीन आकड्यांचे खटके पुढेमागे सरकवून दाखवले. लाल पूर्ण चढवला, हिरवा पूर्ण चढवला. पडद्यावर झगझगीत पिवळा चौकोन उभा राहिला.

पुंजाराम खुर्चीत मागे सरला. "काय खोटं दाखवता, ताई. लाल अन् हिरवा कालवला तर शेणाचा रंग येतो."

"तो तुमच्या कढईत. इथं उजेड कालवतात."

हे त्याला पटले नाही, पण त्याने ते मान्य केले. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने तिलाच गप्प केले. इंग्रजी यादीतले चौकोन ती सहज खाली सरकवत होती. पुंजाराम म्हणाला, "थांबा. ह्याचं नाव काय?"

"गडद राखाडी."

"अन् त्याच्या खालचा?"

"साधा राखाडी."

"उलटं हाय. गडद म्हणता तो फिका हाय."

नीरजाने आकडे पाहिले. साध्या राखाडीचे तिन्ही आकडे एकशे अठ्ठावीस, गडद राखाडीचे तिन्ही एकशे एकोणसत्तर. आकडा मोठा म्हणजे उजेड जास्त. म्हातारा बरोबर होता. दोन वेगवेगळ्या जुन्या याद्या कुणीतरी कधीतरी एकत्र केल्या, त्यातून ती विसंगती राहिली आणि सगळ्या जगाने ती तशीच वापरली, हे तिने वाचले होते. डोळ्याने ते पकडणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. तिने लगेच काकासाहेबांना फोन लावला. "माणूस एकदम योग्य दिलात, काकासाहेब."

नावामागे पंधरा रुपये ठरले. सकाळी दहा ते पाच. नीरजा चौकोन दाखवी, पुंजाराम नाव सांगे, ती टाइप करी. दिवसाला वीस नावे होत. कमी वाटतात, पण पुंजाराम घाईने नाव देत नसे. डोळे बारीक करी, मान तिरकी करी, चौकोन आणि आपल्यामध्ये हात धरून बोटांच्या फटीतून बघे. अबोली, पोवळी, गुलबक्षी, अंजिरी, कुसुंबी. चिंतामणी आणि मोरपंखी यांच्यामध्ये त्याच्याकडे सात नावे होती, त्यातली तीन त्याच्या बापाने पाडलेली.

"काका, हा डाळिंबी? मला जरा काळपट वाटतोय."

"वाळला की डाळिंबीच."

नीरजा हसे आणि लिहून घेई. 'वाळला की', 'वाळल्यावर बघा', 'वाळू द्या की जरा' असे तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा. कुणी बोलताना 'म्हणजे' म्हणतो, कुणी 'काय आहे की' म्हणतो, तसे ते तिला वाटले. चहावाल्यानेही ते उचलले. नीरजाने चहा पातळ आहे म्हटले की तो म्हणे, "वाळला की दाट होतो, मॅडम." पुंजारामही हसायचा.

घरी बायकोचा, भागूबाईचा विश्वास बसत नव्हता.

"दिवसभर टीव्ही पाहायचे पैशे देतेत व्हय?"

"टीव्ही नाय. रंगाला नाव द्यायचं असतंय."

"अन् आतापर्यंत काय नाव नव्हतं त्याला? मी तर 'तो लाल आण' म्हणले की तुम्ही पाच लाल आणून ठेवायचे."

"त्याचेच पैशे हायेत."

"मंग माझा बी हिस्सा द्या. म्या लई नावं दिलीत तुम्हाला."

त्या दोन महिन्यांत शेडचे भाडे वेळेवर गेले. डोक्यावर ऊन नाही, हाताला रंग नाही. पुंजारामच्या नखांमधली निळी रेघ तीस वर्षांत पहिल्यांदाच पुसट झाली. नळाला सहाव्या दिवशी पाणी येत होते, टँकरपुढे माणसे भांडत होती, आणि तो पंख्याखाली बसून रंगांची नावे सांगत होता.

नऊ मे रोजी, अक्षय्य तृतीयेला, बाराशे सोळा नावांसह वेबसाइट सुरू झाली. काकासाहेबांनी दुकानात पेढे वाटले आणि पुंजारामच्या खांद्यावर हात ठेवला.

"गणपतीपर्यंत नीट चालू दे. मग तुला कायम ठेवतो. सुरतेचा प्रत्येक माल तू बघायचा, नाव तू द्यायचं. महिना नऊ हजार."

पुंजारामने तिथेच विचारून घेतले. "वर्षाच्या भाड्यापुरती उचल भेटंल का, साहेब? तीस हजार."

"कायम झालास की देतो ना. पळून कुठं जाणारेस तू?"

आता सगळे एका दोऱ्यात ओवले गेले. वेबसाइट चालली तर नोकरी, नोकरी मिळाली तर उचल, उचल मिळाली तर शेड, आणि शेड राहिली तर पाऊस आल्यावर कढया. त्याने ते अप्पारावला जाऊन सांगितले. अप्पाराव म्हणाला, "चांगलं हाय की. रोख दाखव, मी माघारी जातो."

तक्रारी जूनमध्ये सुरू झाल्या. पहिली पैठणहून. डाळिंबी मागवला, काळपट आला. मग येवल्याहून. मेंदी मागवला, शेवाळी आला. राणी मागवला तो डाळिंबी निघाला. काकासाहेबांनी आधी गोदामातल्या माणसांना झापले. पण तिथे चूक व्हायला जागाच नव्हती. प्रत्येक लडीचा आकडा एका हातातल्या यंत्राने घेतलेला होता. मागणी आली की नावाचा आकडा निघे, त्या आकड्याला जवळची लडी निघे, पार्सल बांधले जाई. माणसाने रंगाकडे बघायचेही नव्हते.

जुलैत नवा माल आला. त्याची एक्केचाळीस नावे पुंजारामने दिली. त्याच आठवड्यात परत आलेल्या पार्सलांची संख्या तेवीस झाली आणि काकासाहेब स्वतः क्रांती चौकातल्या ऑफिसात येऊन बसले.

नीरजाने परत आलेली एक लडी पुंजारामच्या हातात दिली. "काका, हा कुठला रंग?"

"आमसुली." क्षण लागला नाही.

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. "आणि हा?"

"डाळिंबी."

"दोन्हींचा आकडा एकच आहे. एकशे अठ्ठावीस, शून्य, बत्तीस."

पुंजारामने लडी पाहिली, पडदा पाहिला. त्याला काही चुकल्यासारखे वाटले नाही. उलट या शिकलेल्या पोरीला एवढे कसे समजत नाही, असे वाटले.

"ही वाळलेली हाय, ताई. ते ओलं हाय."

"काय ओलं आहे?"

"रंग. चमकतोय बघा ना. आत्ता कढईतून काढल्यावानी. ओला रंग गडद दिसतोच. वाळला की उतरंल, डाळिंबी होईल."

नीरजाने नकळत हात पुढे केला आणि पडद्याला बोट लावले. मग बोट मागे घेतले.

"हा वाळणार नाही, काका."

एकतीस वर्षे पुंजारामने चमकता रंग पाहिला तो लडीतून पाणी निथळतानाच. तेव्हा रंगारी डोळ्यांपुढचा रंग बघत नाही, उद्या उन्हातून काढल्यावरचा बघतो. ज्याला ते दिसत नाही त्याला कुणी माल देत नाही. पडद्यावरचा प्रत्येक चौकोन चमकत होता, आणि प्रत्येक चौकोनाचा त्याने दुसऱ्या दिवशीचा रंग सांगितला होता. बाराशे सत्तावन्न वेळा.

"तुम्ही रोज म्हणायचात ते," नीरजा अगदी हळू म्हणाली. एवढे हळू, की टेबलापलीकडच्या काकासाहेबांना ऐकू गेले नाही.

"पुन्हा सांगतो सगळे," पुंजाराम म्हणाला. "पहिल्यापासून. पैशे नका देऊ."

"थांबा जरा." तिने यादीतले चाळीस रंग कुठूनही काढले. खोक्यातल्या वाळलेल्या लडी त्याच्यापुढे धरत गेली, त्याने सांगितलेले नाव आणि यंत्राचा आकडा लिहीत गेली. मग त्या नावांचे यादीतले जुने आकडे आणि हे नवे आकडे शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिली. फरक सगळीकडे सारखा होता. मार्चमधल्या नावात जेवढा, तेवढाच जुलैमधल्या. सकाळच्या नावात जेवढा, तेवढाच संध्याकाळच्या. लालात आणि हिरव्यातही त्याच प्रमाणात.

"एवढी सारखी चूक माणसाकडून होत नाही, काकासाहेब," ती म्हणाली. तिला ते कौतुकाने म्हणायचे होते. "म्हणजे यांचा डोळा..."

"दुरुस्त होईल का ते सांग."

"हो. यादीला हात लावायची गरज नाही. आकडा वाचताना प्रत्येक रंग तेवढ्याच प्रमाणात उजळ धरायचा. एक ओळ लिहायची."

तिने ती लिहिली. खालून चहा येईपर्यंत काम झाले होते. काकासाहेबांनी डाळिंबी टाकून पाहिले, राणी टाकून पाहिले, मेंदी, अंजिरी, गुलबक्षी. दरवेळी बरोबर लडी आली. चूक कमीजास्त असती, पुंजारामचा डोळा एखाद्या दिवशीही थकला असता, तर एकेक नाव पुन्हा घ्यावे लागले असते आणि त्याला पुन्हा दोन महिन्यांचे काम मिळाले असते. तो कधीच थकला नव्हता. म्हणून सगळे एका ओळीत मिटले.

काकासाहेबांनी बशीतला चहा संपवला. "म्हणजे आता नावं बरोबर आहेत?"

"हो."

"आणि नवा माल आला तर?"

"जवळचं नाव प्रोग्राम स्वतः काढेल. बाराशेच्यावर झालीत, फट राहिली नाही फारशी."

"मग आता याचं काय काम राहिलं?"

'याचं' म्हणताना त्यांनी पुंजारामकडे पाहिले नाही. पुंजाराम उभा राहिला होता. "साहेब, गणपतीपर्यंत म्हणला होतात."

"नीट चाललं तर म्हणालो होतो. तेवीस पार्सलं परत आलीत, पुंजाराम. येण्याजाण्याचं कुरियर माझ्या खिशातून गेलं. ते मी तुझ्याकडं मागतोय का?"

"त्या इंग्रजी यादीत बी चूक हाय," पुंजाराम नीरजाकडे वळून म्हणाला. "राखाडीची. तुम्हीच म्हणला, तशीच चालू हाय. कुणाला काढलं त्याच्यापायी?"

त्या चुकीवर जगभरचा कारभार उभा होता, म्हणून ती आता चूक उरली नव्हती. पुंजारामच्या चुकीवर एका दुकानाचा तोटा उभा होता. त्याने तिच्याकडे जरा वेळ बघितले. तिने कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसली. तिचे साठ हजारांचे बिल काकासाहेबांकडे अडकले आहे, हे त्याला चहावाल्याकडून माहीत होते. ते 'वाळला की' तिने अडीच महिने ऐकले होते आणि हसून लिहून घेतले होते, हे आता तिने सांगितले तर ते बिल आणखी अडकणार, हेही त्याला कळत होते. तो जिना उतरला.

भागूबाईने सगळे ऐकून घेतले, पीठ मळत.

"अन् त्या पोरीनं सांगितलं नाय, की म्या रोज ऐकत होते म्हणून?"

"नाय."

"तुम्ही तरी सांगायचं."

"तिचं बी बिल अडकलंय."

"कामून इतकं कनवाळू व्हायचं? तिनं एक वळ लिहून तुमचं घर मिटवलं. तुमच्याच्यानं एक वाक्य झालं नाय." तिने पिठाचा गोळा परातीत आपटला. "रंग तेवढा कळतो तुम्हाला. माणूस ओला का वाळला, ते कधी कळलं नाय."

गणपतीच्या आधी दोन दिवस त्याने कढया मोडीत काढल्या. मोडवाल्याने तांब्याचा भाव सांगताना आतला रंग खरवडून पाहिला आणि वजनातून दोन किलो कापले, रंगाचे म्हणून. अप्पारावने शब्द पाळला. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी जेसीबी पाठवला. हौद एका तासात फुटले. विहिरीत आधी हौदांचे दगड गेले, मग पत्र्याखालचा मुरूम, मग शेजारच्या इमारतीचा राडारोडा, कारण तो टाकायलाही जागा हवी होती.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला तो आठ दिवस. चार वर्षांची कसर भरली, असे पेपरात आले. आसपासच्या विहिरी काठोकाठ भरल्या. बुजवलेल्या विहिरीच्या जागी पाणी मुरायला वाट नव्हती, तिथे महिनाभर डबके राहिले आणि अप्पारावच्या माणसांनी ते पंप लावून रस्त्यावर काढले.

पुंजाराम आता एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात डाग काढतो. शालू, शेरवान्या, कोट. कपडा ओला असताना डाग गेला का ते तो सांगत नाही. वाळल्यावर सांगतो आणि मालक त्यावरून त्याला हळू काम करतो म्हणून बोलतो. नीरजाने तो प्रोग्राम पुढे आणखी दोन साड्यांच्या दुकानांना विकला. काकासाहेबांच्या वेबसाइटवर नावांच्या यादीखाली 'आमच्या जाणकारांनी तयार केलेली' असे लिहिले आहे. जाणकार कोण, ते लिहिलेले नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दिलेल्या एक्केचाळीस नावांचे, नावामागे पंधरा रुपयांप्रमाणे, ६१५ रुपये काकासाहेबांकडून पुंजारामला येणे आहेत. पुंजाराम दोनदा दुकानात जाऊन आला. पैसे मिळालेले नाहीत.